डिस्क बदलली, संगणक उठेना

हार्ड डिस्क बदलल्यावर संगणक सुरू झाला नाही, तर काळ्या पडद्यावर बहुधा एखादीच ओळ दिसते: ‘नो बूटेबल डिव्हाइस’, ‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’ किंवा ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. ती वाचून फोटो, हिशेब, अर्धवट राहिलेला प्रबंध असे सगळेच गेले, या भीतीने माणूस हबकतो. बहुतेक वेळा तसे झालेले नसते. माहिती जागच्या जागी असते, तिच्यापर्यंत जाणारी वाट तेवढी तुटलेली असते. खरे नुकसान होते ते नंतरच्या घाईत: कोणी डिस्क फॉरमॅट करतो, कोणी त्याच डिस्कवर पुन्हा विंडोज टाकतो, आणि जे शाबूत होते ते त्यात जाते. म्हणून या दुरुस्तीत आधी वाट कुठे तुटली ते शोधायचे आणि तोवर डिस्कवर काहीही लिहायचे नाही.

बटण दाबल्यावर सर्वांत आधी जागा होतो तो मदरबोर्डवरच्या चिपमधला फर्मवेअर. डिस्कवरच्या विंडोजची पाळी पुष्कळ नंतर येते. फर्मवेअर प्रोसेसर, मेमरी आणि पडदा तपासतो, जोडलेल्या डिस्क ओळखतो आणि ठरलेल्या क्रमाने त्यांच्यावर बूट करण्याजोगे काही आहे का ते पाहतो. सापडले की तिथल्या छोट्या प्रोग्रामच्या हाती कारभार सोपवतो. तो प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा मेमरीत आणतो, आणि मग तो गाभा स्वतःच्या ड्रायव्हरच्या मदतीने डिस्क पुन्हा नव्याने ओळखतो. यातला कोणता टप्पा अडला त्यानुसार पडद्यावरचा मजकूर बदलतो. म्हणून संदेशाचा फोटो मोबाइलवर काढून ठेवणे ही फार उपयोगी सवय आहे.

फर्मवेअरच्या दोन पिढ्या आहेत आणि त्यांचा फरक समजल्याशिवाय पुढचे काही नीट कळत नाही. जुनी पिढी म्हणजे बायोस. तो डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर उचलतो. या सेक्टरला मास्टर बूट रेकॉर्ड, म्हणजेच एमबीआर, म्हणतात. १९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटी आणि डॉस २.० बरोबर ही रचना आली. त्या ५१२ बाइटांपैकी पहिले ४४६ बाइट मुख्यतः बूटच्या कोडसाठी, पुढचे ६४ चार पार्टिशनांच्या नोंदींसाठी आणि शेवटचे २ ओळखखुणेसाठी असतात. सेक्टरांचे क्रमांक ३२ बिटांत लिहायचे असल्याने सुमारे २.२ टेराबाइटपलीकडची जागा या तक्त्यात नोंदवताच येत नाही. नवी पिढी यूईएफआयची. तिच्या मानकांचा कारभार पाहणारा यूईएफआय फोरम २००५ साली स्थापन झाला. यूईएफआय शक्यतो जीपीटी नावाचा पार्टिशन तक्ता असलेल्या डिस्कवरून बूट करतो आणि त्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. बूटसाठी पहिल्या सेक्टरातला कोड चालवण्याऐवजी तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या एका छोट्या ईएफआय पार्टिशनमधली फाइल उघडतो. ही फाइल कोणत्या डिस्कवर, कोणत्या पार्टिशनमध्ये आणि कोणत्या फोल्डरमध्ये आहे याची नोंद मदरबोर्ड स्वतःच्या स्मृतीत ठेवतो. सेटअपमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ असे जे नाव दिसते ते या नोंदीचे. म्हणजे फाइल डिस्कवर आणि तिचा पत्ता मदरबोर्डवर. घर बदलले तरी टपाल जुन्याच पत्त्यावर जात राहावे, तसे डिस्क बदलल्यावर होते, आणि पुष्कळशा तक्रारींचे मूळ इथेच असते.

तपासणीला सुरुवात मात्र पेचकसापासून करावी. पडद्यावर काहीच उमटत नसेल, कंपनीचा लोगोही येत नसेल, तर दोष सहसा बूटच्या व्यवस्थेत नसतो. डिस्क अजिबात नसतानाही फर्मवेअर पडद्यावर आपला संदेश दाखवू शकतो. अशा वेळी डिस्क बसवताना हात लागून रॅम सैल झाली असेल, पॉवरची एखादी केबल निसटली असेल किंवा लॅपटॉपमधली पडद्याची चपटी पट्टी नीट बसली नसेल. लोगोवर येऊन संगणक गोठत असेल तर नवी डिस्क काढून पाहावी. ती काढताच सेटअप उघडला, तर डिस्क किंवा तिची जोडणी सदोष आहे. कॅबिनेट उघडण्यापूर्वी पॉवरची वायर काढावी, लॅपटॉपची बॅटरी सोडवावी आणि धातूच्या भागाला हात लावून अंगातली स्थिरविद्युत घालवावी.

पहिला निर्णायक प्रश्न असा: फर्मवेअरच्या सेटअपमध्ये डिस्कचे नाव दिसते का? चालू होताना एफ२ किंवा डिलीट दाबून सेटअप उघडतो. काही कंपन्यांच्या संगणकांत एफ१० किंवा एफ१ लागते. तिथे डिस्कचे नाव नसेल, तर विंडोजच्या दुरुस्तीचे कोणतेही साधन कामाचे नाही. साटा डिस्कला दोन केबली लागतात, ७ पिनांची डेटाची आणि १५ पिनांची पॉवरची. यांपैकी डेटाची केबल फार सहज सैल होते. केबल बदलावी, पोर्ट बदलावा. डिस्क फिरतच नसेल आणि ती बाहेरच्या यूएसबी पेटीतून काढलेली असेल, तर एक खास कारण संभवते. अशा काही डिस्कांमध्ये पॉवरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहावी अशी योजना असते आणि जुने पॉवर सप्लाय त्या पिनवर नेमके तेवढे व्होल्ट देतात. नवीकोरी डिस्क बिघडलेली समजून परत केली जाते, ती कधीकधी एवढ्याच कारणाने.

एम.२ एसएसडीचे प्रकरण आणखी फसवे आहे. च्युइंग गमच्या कांडीएवढ्या या पट्टीचे दोन प्रकार आहेत, साटा आणि एनव्हीएमई. बाहेरून ते जवळजवळ सारखेच दिसतात आणि कित्येकदा एकाच खाचेत दोन्ही बसतात. पण खाचेत बसली म्हणजे चालली असे नाही. ती खाच फक्त एनव्हीएमईसाठी जोडलेली असेल तर साटा पट्टी दिसणार नाही, आणि उलटही तेवढेच खरे. शिवाय अनेक मदरबोर्डांत एम.२ खाच भरली की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात, कारण दोघांच्या वाहिन्या सामाईक असतात. नवी एसएसडी बसवल्यावर जुनी हार्ड डिस्कच गायब झाली तर हे पहिले कारण समजावे. कोणता पोर्ट बंद होतो ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेले असते. २०१४ च्या आधीच्या बऱ्याच मदरबोर्डांना तर एनव्हीएमईवरून बूटच करता येत नाही. ॲडॅप्टर लावून विंडोजमध्ये ती डिस्क दिसते, माहिती साठवते, पण तिच्यावरून संगणक उठत नाही. जुन्या यंत्रासाठी खरेदी करताना साधी अडीच इंची साटा एसएसडीच घ्यावी. बिनफिरत्या डिस्कचा जो वेग रोज जाणवतो त्याचा मोठा भाग तिच्यातही मिळतो.

डिस्क सेटअपमध्ये दिसत असेल तर पुढची पायरी बूटच्या क्रमाची. नवी डिस्क जोडल्यावर फर्मवेअर कित्येकदा हा क्रम स्वतःहून बदलतो आणि रिकामी डिस्क पहिली धरतो. मागे लावून विसरलेला पेनड्राइव्हही तेच करतो. एफ१२, एफ११, एफ९ किंवा एफ८ यांपैकी कंपनीनुसार जी कळ असेल ती दाबून येणाऱ्या बूट मेनूतून योग्य डिस्क एकदा हाताने निवडून पाहावी. संगणक उठला तर सेटअपमध्ये क्रम कायमचा सुधारून घ्यावा.

आता सर्वांत जास्त लोकांना चकवणारा प्रसंग. संगणकात आधीपासून एक हार्ड डिस्क होती. पुढे एसएसडी जोडली, तिच्यावर विंडोज नव्याने टाकले आणि दोन-तीन वर्षे सगळे सुरळीत चालले. मग जुनी, आता फक्त चित्रपट आणि फोटो ठेवलेली हार्ड डिस्क काढली, आणि संगणक उठेनासा झाला. विंडोज तर एसएसडीवर आहे! घडते ते असे: विंडोज टाकताना दोन्ही डिस्क जोडलेल्या असतील आणि जुन्या डिस्कवर आधीपासून ईएफआय पार्टिशन असेल, तर इन्स्टॉलर बूटच्या फाइली तिथेच ठेवून देतो. विंडोज एका डिस्कवर, त्याची किल्ली दुसऱ्या डिस्कवर. वापरणाऱ्याला हे कधी कळत नाही, कारण त्या पार्टिशनला ड्राइव्हचे अक्षर नसते. म्हणून विंडोज टाकताना बाकी सर्व डिस्कांच्या केबली काढून ठेवाव्यात, हा नियम कुठल्याही दुरुस्तीपेक्षा मोलाचा आहे. झालेच असेल, तर जुनी डिस्क परत जोडताच संगणक पूर्ववत उठतो आणि निदान पक्के होते.

दुरुस्ती अवघड नाही. दुसऱ्या संगणकावर विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह तयार करावा, त्यावरून बूट करावे आणि भाषेच्या पडद्यावर शिफ्ट व एफ१० एकत्र दाबून कमांडची खिडकी उघडावी. डिस्कपार्ट या कमांडने पार्टिशनांची यादी मिळते. एसएसडीवर फॅट३२चे छोटे पार्टिशन असेल तर त्याला तात्पुरते एखादे अक्षर द्यावे. नसेल तर विंडोजच्या पार्टिशनमधून काहीशे मेगाबाइट जागा काढून ते तयार करावे. मग बीसीडीबूट या कमांडला विंडोजचे फोल्डर आणि हे अक्षर दाखवले की ती बूटच्या सर्व फाइली नव्याने मांडते आणि मदरबोर्डवरची नोंदही करते. यात एक खाचखळगा आहे. पेनड्राइव्हवरून उघडलेल्या खिडकीत ड्राइव्हची अक्षरे नेहमीसारखी नसतात. रोजचे सी इथे डी किंवा ई असू शकते. म्हणून आधी प्रत्येक ड्राइव्हमध्ये डोकावून विंडोजचे फोल्डर कुठे आहे ते खात्रीने पाहावे. डिस्कपार्टमध्ये ‘क्लीन’ हा शब्द चुकूनही टंकू नये. निवडलेल्या डिस्कचा पार्टिशन तक्ता तो विचारल्याशिवाय पुसतो. बूटरेक नावाच्या जुन्या साधनाची शिफारस अजूनही सर्वत्र होते, पण त्याची एमबीआर दुरुस्त करणारी आज्ञा जीपीटी डिस्कवर निरुपयोगी आहे आणि बूट सेक्टर दुरुस्त करणारी आज्ञा विंडोज १० वर अनेकदा ‘ॲक्सेस इज डिनाइड’ म्हणून थांबते. बीसीडीबूटचा मार्ग जास्त भरवशाचा.

जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, नव्या डिस्कवर घेणे ही आज सर्वांत रूढ पद्धत आहे. क्लोन न उठण्याची कारणेही ठरावीक आहेत. पहिले म्हणजे फक्त सी ड्राइव्हची प्रत घेतली जाते आणि ईएफआय पार्टिशन मागे राहते. प्रत नेहमी संपूर्ण डिस्कची घ्यावी. दुसरे कारण ओळखीच्या गोंधळाचे. प्रत्येक डिस्कला स्वतःचा ओळख क्रमांक असतो आणि क्लोनमध्ये तोही जसाच्या तसा येतो. दोन्ही डिस्क एकदम जोडून संगणक सुरू केला की विंडोजला एकाच क्रमांकाच्या दोन डिस्क दिसतात. मग ते एक डिस्क ऑफलाइन ठेवते, आणि त्या डिस्कला नवा क्रमांक मिळाला तर तिच्यावरच्या बूटच्या नोंदी जुनाच क्रमांक शोधत राहतात. एमबीआर डिस्कवर पडद्यावर येणारा ०xसी००००००ई हा कोड कित्येकदा याचाच परिणाम असतो. उपाय म्हणजे क्लोन पूर्ण होताच संगणक बंद करावा, जुनी डिस्क काढावी आणि पहिले बूट एकट्या नव्या डिस्कवरूनच करावे. तिसरे कारण दुर्मीळ, पण माहीत असलेले बरे. मोठ्या डिस्कांसाठीच्या काही यूएसबी पेट्या ५१२ बाइटऐवजी ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवतात. अशा पेटीतून क्लोन केलेली डिस्क थेट साटा पोर्टला जोडली की पार्टिशनांची मोजमापे जुळत नाहीत आणि डिस्क रिकामी भासते. तीच डिस्क त्याच पेटीत घालताच सगळे परत दिसते. मधल्या वेळात विंडोज ‘इनिशियलाइझ डिस्क’ विचारते तेव्हा होकार द्यायचा नाही.

फर्मवेअर आणि डिस्क यांची पिढी जुळत नसली तरीही संगणक अडतो. एमबीआरच्या काळात विंडोज टाकलेली डिस्क नव्या संगणकात लावली, तर यूईएफआयला तिच्यावर आपल्या कामाचे काही सापडत नाही. जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सोय सीएसएम या नावाने सेटअपमध्ये असे. ही सोय २०२० पर्यंत बंद करण्याचा इरादा इंटेलने २०१७ साली जाहीर केला आणि आज पुष्कळ नव्या यंत्रांत ती उरलेली नाही. जिथे आहे तिथेही सिक्युअर बूट चालू असताना ती वापरता येत नाही. विंडोज १० च्या २०१७ मधल्या आवृत्तीपासून एमबीआर-टू-जीपीटी नावाचे साधन मायक्रोसॉफ्ट देते. ते माहिती न पुसता तक्ता बदलते, फक्त डिस्कवर तीनपेक्षा जास्त मुख्य पार्टिशने नसावीत. ते चालवण्यापूर्वी बॅकअप घ्यावा आणि नंतर फर्मवेअर यूईएफआय पद्धतीवर आणावा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ ला यूईएफआय लागतेच, त्यामुळे जुन्या डिस्क बाळगणाऱ्या घरांत हा प्रश्न आता वारंवार येतो.

काही वेळा विंडोजचे चिन्ह उमटते, ठिपके फिरू लागतात आणि मग निळा पडदा येतो: ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’, कोड ७बी. म्हणजे बूटच्या फाइली सापडल्या, गाभा मेमरीत आला, पण त्याला डिस्कशी बोलता येईना. सेटअपमधली साटाची पद्धत एएचसीआयवरून रेडवर किंवा उलट गेली की असे होते. सेटिंगला कोणी हात लावलेला नसतानाही हे घडते, कारण मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल संपला किंवा दुरुस्तीत काढला गेला की सगळी सेटिंगे कारखान्यातल्या स्थितीत जातात. संगणकाचे घड्याळही मागे गेले असेल तर हाच संशय धरावा. पूर्वीची पद्धत पुन्हा निवडली की विंडोज उठते. नवी पद्धतच हवी असेल तर आधी विंडोजला सेफ मोडमध्ये उठण्याची सूचना द्यावी, मग सेटअपमध्ये बदल करावा. सेफ मोड मूळचे ड्रायव्हर लोड करतो आणि पुढचे बूट साधे होते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपांत याचीच वेगळी आवृत्ती दिसते. व्हीएमडी नावाची सोय चालू असेल आणि तिचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर नसेल, तर विंडोजच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही.

बिटलॉकरचा निळा पडदा पाहून गोंधळू नये. तो बिघाड नसतो. अनेक लॅपटॉपांवर डिस्कचे कूटलेखन मालकाला नीटसे ठाऊक नसतानाच चालू झालेले असते. बूटचा क्रम, सिक्युअर बूट किंवा फर्मवेअर यांत फरक पडला की यंत्र ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, आणि कार्यालयाचा लॅपटॉप असेल तर तिथल्या आयटी विभागाकडे मिळते. ती न मिळाल्यास डिस्क शाबूत असूनही माहिती कोणालाही काढता येत नाही, हे दुरुस्तीवाल्यांनीही ग्राहकाला आधीच सांगायला हवे. डिस्क बदलण्यापूर्वी ही की कागदावर उतरवणे आणि बिटलॉकर तात्पुरते स्थगित करणे, ही दोन कामे चुकवू नयेत.

लिनक्समध्ये टप्पे तेच, खुणा वेगळ्या. ‘ग्रब रेस्क्यू’ असा मजकूर येऊन कर्सर लुकलुकत राहिला, तर ग्रब हा बूट लोडर सुरू झाला, पण त्याच्या बाकीच्या फाइली असलेले पार्टिशन त्याला सापडले नाही. काढलेल्या डिस्कची नोंद एफएसटॅब फाइलमध्ये तशीच असेल, तर यंत्र त्या डिस्कची साधारण ९० सेकंद वाट पाहते आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये उतरते. ती ओळ काढली की काम झाले. काही मदरबोर्ड डिस्क सोडवताच तिची बूट नोंद पुसतात आणि डिस्क परत जोडली तरी ती नोंद परत येत नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून ग्रब पुन्हा बसवणे हा त्यावरचा नेहमीचा मार्ग.

डिस्क खरोखरच मरत असेल तर सगळा क्रम बदलतो. फिरत्या डिस्कमधून ठराविक अंतराने टकटक आवाज येत असेल तर एकेक प्रयत्न तिचे आयुष्य कमी करतो. पुन्हापुन्हा चालू करून पाहणे, चेकडिस्क चालवणे, यांतले काहीही करू नये. माहिती अनमोल असेल तर डिस्क बंद ठेवून डेटा परत मिळवण्याचे काम करणाऱ्यांकडे द्यावी. आवाज नसेल पण वाचन अडखळत असेल, तर डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने आधी प्रत घ्यावी आणि दुरुस्तीचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या नोंदी ठेवते त्या स्मार्ट अहवालात दिसतात. त्यात बदललेल्या आणि प्रलंबित सेक्टरांची संख्या वाढत असेल तर तो स्पष्ट इशारा आहे.

नवी डिस्क एकटी नीट उठू लागल्यावर जुनी लगेच पुसू नये. काही आठवडे ती बाजूला ठेवावी, तेवढ्यात एखादे राहिलेले फोल्डर हमखास आठवते. नंतर संगणक बंद करून ती परत जोडता येते. ती ऑफलाइन दिसली तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून ऑनलाइन करावी आणि बूटचा क्रम पुन्हा तपासावा. विकायची किंवा कोणाला द्यायची असेल तर क्विक फॉरमॅट पुरत नाही. त्याने फाइलींची यादी जाते, मजकूर तसाच राहतो आणि साध्या साधनांनी परत काढता येतो. फिरत्या डिस्कवर संपूर्ण फॉरमॅट करून सगळी जागा शून्यांनी भरावी, आणि एसएसडीसाठी निर्मात्याच्या साधनातली सिक्युअर इरेज ही सोय वापरावी.